गुडघेदुखीसाठी ग्लुकोसामिन सुरू करण्याआधी: बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी

भाताची लावणी, भांगलण, रताळ्याचे वेल, निपाणीकडे दिवसभर मांडी घालून विड्या वळणं, वडगाव-शहापुरात मागापाशी उभं राहणं. आपल्याकडे पन्नाशी ओलांडली की गुडघे बोलायला लागतात. ‘उठताबसता कळ मारत्या’ हे घरोघरी ऐकू येतं. मग पुण्या-मुंबईचा मुलगा सुट्टीला येताना गोळ्यांची मोठी बाटली आणतो, किंवा मेडिकलवाला सांगतो की ही घ्या, सांध्यात वंगण तयार होतं. त्या बाटलीवर बहुतेक वेळा ग्लुकोसामिन हे नाव असतं.

आई आणि मावशी, दोघींच्या गुडघ्यांमुळे मला या गोळीची नीट माहिती काढावी लागली. डॉक्टरांना विचारलं, बाटल्या वाचल्या, मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष पाहिले. आईला ती घ्यायला हरकत नव्हती, मावशीला मात्र सक्त मनाई झाली. एकाच घरात, एकाच दुखण्याला दोन वेगळी उत्तरं का मिळतात, हे कळलं की बाकीचं सोपं आहे. म्हणून हे पायरीपायरीने लिहिते आहे.

१. दुखणं कसलं आहे ते आधी ठरवून घ्या

ग्लुकोसामिन आपल्या शरीरात मुळातच असतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्या घडणीत ते लागतं. ती कूर्चा झिजली की होणाऱ्या दुखण्यासाठी, म्हणजे वयोमानाने येणाऱ्या झिजेच्या संधिवातासाठी, ही गोळी तपासली गेली आहे. तीही मुख्यतः गुडघ्यासाठी. आमवात, युरिक ॲसिडमुळे येणारा वात, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखी, कंबरेतून पायात उतरणारी शिरेची कळ, यांपैकी कशासाठीही हे औषध नाही. आपण मात्र या सगळ्याला सरसकट ‘वात’ म्हणतो आणि शेजारणीला लागू पडलेली गोळी मागतो.

पुढच्यापैकी काही दिसत असेल तर गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा:

- सांधा लाल, गरम, सुजलेला आहे आणि सोबत ताप आहे
- सकाळी उठल्यावर आखडलेपण अर्ध्या तासाहून जास्त टिकतं, विशेषतः हाताच्या बोटांत
- गुडघा मध्येच अडकतो, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं
- एकाच पोटरीला अचानक सूज आली
- रात्री झोपेतही दुखतं, वजन उतरत चाललं आहे

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवता येतं. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत ठेवा. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायचा का, हे आवर्जून विचारा. आडवं झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट नेहमीपेक्षा मोठी दिसू शकते आणि झीज झाकली जाते.

२. चालू औषधांचा एक कागद तयार करा

सगळ्या लेखातली एकच पायरी करणार असाल, तर ही करा.

घरातल्या माणसाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओता. बीपीची, शुगरची, थायरॉइडची, ‘रक्त पातळ व्हायची’, झोपेची, वैद्यांचं चूर्ण, नातवाने आणलेली व्हिटॅमिनची डबी, सगळं. प्रत्येकाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. पाकिटावर मोठं छापलेलं असतं ते कंपनीचं नाव. त्याच्या जवळपास बारीक अक्षरात असलेलं औषधाचं मूळ नावही उतरवून घ्या. आपल्याकडे एकाच माणसाची औषधं बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज अशा तीन गावांच्या डॉक्टरांची असतात आणि कुणाच्याच हातात पूर्ण यादी नसते. गोंधळ इथेच होतो.

आणखी एक अडचण आपल्या भागाची. सरकारी दवाखान्यातले कागद कन्नडमध्ये, खाजगीतले इंग्रजीत आणि घेणारी आजी फक्त मराठी वाचणारी. डॉक्टरांची भाषा कन्नड असेल आणि सोबत कुणी नसेल, तर ‘रक्त तेळु माडो गुळिगे’ एवढे शब्द पाठ असू द्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे त्यांना लगेच कळेल. यादीचा कागद पुढे केला तर भाषेची अडचण जवळपास उरतच नाही, कारण औषधांची नावं सगळीकडे तीच.

३. तुम्ही ‘आधी विचारा’ गटात आहात का?

*रक्त पातळ करणारी गोळी.* वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल (दुकानात ॲसिट्रॉम या नावाने जास्त ओळखीची) चालू असेल, तर ग्लुकोसामिन स्वतःच्या मनाने घेऊच नका. हृदयाची झडप बदललेल्यांना, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेल्यांना, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना या गोळ्या देतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पीटी-आयएनआर या तपासणीत कळतं आणि बहुतेकांचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. काही कृत्रिम झडपांना थोडा वर. ग्लुकोसामिन सुरू केल्यावर हा आकडा वाढल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. आकडा वर गेला म्हणजे रक्तस्रावाचा धोका: हिरड्यांतून रक्त, शौचाला काळी होणं, अंगावर उगाच उमटलेले निळे डाग, आणि वाईटात वाईट म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. माझ्या मावशीची झडप बदललेली आहे. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांनी बाटली पाहताच बाजूला ठेवली आणि म्हणाले, गुडघ्याला दुसरे उपाय आहेत, या गोळीसाठी झडपेशी खेळ नको. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा नवीन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही विचारूनच.

*मासळीची ॲलर्जी.* बाजारातलं बरंचसं ग्लुकोसामिन कोळंबी, खेकडा यांच्या कवचापासून बनतं. कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो, अशांनी ते टाळावं. ॲलर्जी आणणारं प्रथिन मुख्यतः कवचात नसून मांसात असतं, त्यामुळे प्रत्यक्ष धोका कमी आहे. पण मक्यापासून आंबवून बनवलेलं ग्लुकोसामिन मिळत असताना तेवढाही कशाला पत्करायचा?

*मधुमेह.* ग्लुकोसामिन ही रचनेने एक प्रकारची साखरच, म्हणून ही भीती फार जणांना असते. नेहमीच्या मात्रेत बहुतेक अभ्यासांत रक्तातली साखर लक्षणीय वाढलेली दिसली नाही. तरी सुरू करण्याआधी एकदा आणि मग महिन्या-दीड महिन्याने पुन्हा शुगर पाहा. इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करा.

*मूत्रपिंड आणि बीपी.* ग्लुकोसामिन सल्फेट टिकावं म्हणून त्यात सोडियम किंवा पोटॅशियमचा क्षार मिसळलेला असतो. युरोपात मिळणाऱ्या एका प्रचलित प्रकारात रोजच्या १,५०० मिलिग्रॅमच्या मात्रेबरोबर ३८४ मिलिग्रॅम मीठ पोटात जातं. मीठ वर्ज्य असलेल्यांना, क्रिएटिनिन वाढलेल्यांना, पोटॅशियम जपायला सांगितलेल्यांना हे लहानसं वाटणारं कलम महत्त्वाचं आहे.

काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, कारण डोळ्यातला दाब वाढू शकतो असं काही छोट्या अभ्यासांत आढळलं आहे. दमा असेल तरी विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये.

४. गुण किती येईल, याची खरी कल्पना करून घ्या

अमेरिकेत सरकारी पैशातून एक मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. गुडघ्याची झीज असलेल्या १,५८३ जणांचे गट करून कुणाला ग्लुकोसामिन, कुणाला कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतलाच आणखी एक घटक), कुणाला दोन्ही, कुणाला वेदनाशामक आणि कुणाला औषध नसलेली नुसती गोळी २४ आठवडे दिली. ग्लुकोसामिन घेणाऱ्या १०० पैकी ६४ जणांना दुखण्यात ठरवलेल्या प्रमाणात फरक वाटला. नुसती गोळी घेणाऱ्यांत? १०० पैकी ६०.

हा ६० चा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. शेजारची काकी ‘मला गुण आला’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. झिजेचं दुखणं आपोआप कमी-जास्त होतं, पावसाळ्यात आणि लावणीच्या दिवसांत वाढतं, उन्हाळ्यात बसतं. बरं वाटायला लागलं तेव्हा जी गोळी चालू असते, तिला श्रेय मिळतं. त्याच चाचणीत ज्यांचं दुखणं जास्त तीव्र होतं त्यांच्यातल्या एका लहान गटाला दोन्ही औषधं एकत्र घेऊन फायदा झाल्यासारखा दिसला, पण तेवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं संशोधकांनीच नोंदवलं.

उलट बाजूही सांगायला हवी. २००१ मध्ये युरोपात २१२ रुग्णांवर तीन वर्षं झालेल्या अभ्यासात ग्लुकोसामिन सल्फेट घेणाऱ्यांच्या सांध्यातली फट नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी अरुंद झाली. त्यामुळे युरोपातल्या तज्ज्ञांचा एक गट औषध म्हणून मिळणाऱ्या सल्फेटच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मात्र गुडघ्यासाठी ते वापरू नये अशी स्पष्ट शिफारस केली, आणि ब्रिटनच्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही ते देऊ नये असंच आहे.

माझं मत विचाराल तर: ज्यांना तिसऱ्या पायरीतलं काही लागू नाही आणि महिन्याचा खर्च परवडतो, त्यांनी तीन महिने घेऊन पाहायला हरकत नाही. कर्ज काढून, किंवा बीपीच्या गोळ्यांचे पैसे वळवून घेण्यासारखं त्यात काही नाही.

५. बाटली कशी वाचायची

भिंग घ्या किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मग या गोष्टी शोधा.

कोणतं ग्लुकोसामिन आहे? सल्फेट, हायड्रोक्लोराइड की एन-ॲसिटिल? चाचण्यांत मुख्यतः पहिल्या दोहोंचा वापर झाला. रोजची मात्रा साधारण १,५०० मिलिग्रॅम. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘१५००’ लिहिलेलं असतं, पण ते एका गोळीत की दोन-तीन गोळ्यांत मिळून, हे मागच्या तक्त्यात असतं. महिनाभर पुरेल म्हणून घेतलेली बाटली दहा दिवसांत संपते ती यामुळेच.

आणखी काय काय मिसळलं आहे? कॉन्ड्रॉइटिन, एमएसएम, कोलॅजन, बॉस्वेलिया, हळदीचा अर्क, डायसेरीन. डायसेरीन हे पुरवणीत (फूड सप्लिमेंटमध्ये) धरायचं नाही, ते औषध आहे. त्याने पुष्कळांना जुलाब होतात आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. जितकी नावं जास्त, तितकं त्रास झाल्यावर कशाने झाला ते कळणं अवघड. एकच घटक असलेली बाटली घ्या.

कशापासून बनलं आहे? माळकरी घरांसाठी आणि जैन, लिंगायत घरांसाठी हा प्रश्न मोठा आहे, आणि दुकानात तो कुणी आपणहून सांगत नाही. ग्लुकोसामिन कवचाचं असू शकतं. कॉन्ड्रॉइटिन बहुधा गाय-बैल, डुक्कर, कोंबडी किंवा माशाच्या कूर्चेपासून काढतात. मऊ कॅप्सूलचं आवरण अनेकदा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून मिळणाऱ्या जिलेटिनचं असतं. पुरवणी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर शाकाहाराची हिरवी खूण असायला हवी; तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. औषधाच्या परवान्यावर बनलेल्या पाकिटावर ही खूण नसूही शकते. तेव्हा पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा. चाळीस वर्षं वारी करणाऱ्या माणसाच्या तोंडात आपण काय घालतो आहोत, हे त्याला आधी माहीत असणं हा त्याचा हक्क आहे.

शेवटी परवाना. पुरवणीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) १४ आकडी क्रमांक हवा. तो त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. बॅच क्रमांक, मुदत आणि पक्कं बिल, तिन्ही घ्या.

६. घ्यायची कशी

जेवणासोबत. उपाशीपोटी घेतली की मळमळ आणि जळजळ होते. बद्धकोष्ठता, जुलाब, डोकेदुखी, सुस्ती, अंगावर पुरळ हेही होऊ शकतं. बहुतेकांना सौम्य होतं आणि गोळी थांबवल्यावर जातं. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर मात्र थेट दवाखाना.

पहिल्या दिवशी वहीत तीन आकडे लिहा: जिना चढताना, खाली बसून उठताना आणि देवळापर्यंत चालताना दुखणं ० ते १० मध्ये किती. दर रविवारी पुन्हा लिहा, आणि मागचे आकडे न पाहता लिहा. सोबत वेदनाशामक किती वेळा लागली तेही. या गोळीचा परिणाम झालाच तर हळू होतो, काही आठवडे जातात. तीन महिन्यांनी वही उघडा. आकडे जागचे हलले नसतील तर बंद करा. अचानक बंद केल्याने काही बिघडत नाही. आईच्या वहीत पहिल्या महिन्यात आकडे उतरले आणि पुढे पुन्हा जागेवर आले. तिने गोळी सोडली आणि पुढच्या पायऱ्यांतला व्यायाम धरला. तो तिने अजून सोडलेला नाही.

७. सापळे

सगळ्यात धोकादायक सापळा म्हणजे दोन दिवसांत चमत्कार करणारी पुडी किंवा गोळी. जत्रेत, आठवडी बाजारात, एसटी स्टँडजवळ, आता व्हॉट्सॲपवरही मिळते. ग्लुकोसामिन, हळद किंवा जडीबुटी, काहीही खरं असलं तरी दोन दिवसांत गुडघा मोकळा करू शकत नाही. मोकळा झाला, तर आत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक लपवलेलं असण्याची शक्यता मोठी. हे फक्त आपल्याकडचं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या ‘आर्ट्री किंग’ नावाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन सापडलं, लेबलवर मात्र त्यांचा उल्लेख नव्हता. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याने साखर आणि बीपी वाढतं, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात. डायक्लोफेनॅकने जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो.

अशी पुडी कुणी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती एका दिवसात तोडायला सांगू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं मंदावलेलं असतं आणि अचानक तोडल्यावर चक्कर, उलट्या, बीपी एकदम उतरणं असे गंभीर प्रकार होतात. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते उतरत्या क्रमाने बंद करतील.

दुसरा सापळा: ‘परदेशी आहे, म्हणून जास्त चांगलं.’ मुलगा दुबईहून आणतो, तीच बाटली तीन घरांत वाटली जाते, आणि लेबल एकाच घरात राहतं.

तिसरा: गोळी चालू आहे म्हणून व्यायाम नाही.

८. सोबत काय करायचं

खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळून पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार वाटला जातो, आणि झिजेवर व्यायामाला असलेला पुराव्याचा आधार ग्लुकोसामिनपेक्षा कितीतरी पक्का आहे. वजन १ किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरा. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती घ्या. भाजी चिरायला विळी ओट्यावर घ्या किंवा सुरी वापरा. मावशीला औषध म्हणून एवढंच सांगितलं होतं, आणि गरम पाण्याचा शेक. वेदनाशामक मलमही रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर विचारूनच लावायचं.

९. त्रास झाला तर कुठे कळवायचं

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्ण स्वतः किंवा घरचेही फोन करू शकतात. बाटली भेसळीची वाटली, परवान्याचा क्रमांक खोटा निघाला तर एफएसएसएआयचा क्रमांक १८००-११२-१००. कर्नाटकात आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १०४ आहे. फोन करताना बाटली, बिल, बॅच क्रमांक आणि दुसऱ्या पायरीतला तो औषधांचा कागद समोर ठेवा. पहिले प्रश्न त्यावरचेच येतात. बाटलीत उरलेल्या गोळ्या फेकू नका, तपासणीसाठी त्याच लागतात.